मुद्दाम धरवलेलं शेवाळ

काकू दुपारी चहाला आल्या, माझ्या माशांच्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, शेवाळ धरलंय की! पाणी बदललं नाहीस वाटतं बरेच दिवस?"

ते मी मुद्दाम धरवलंय, हे पटवायला दोन कप चहा लागला. मासे खातात, घाण करतात, त्या घाणीचं शेवटी नायट्रेट होतं आणि ते पाण्यात साचत राहतं. गोड्या पाण्याची टाकी असती तर सरळ पाणी बदललं असतं. इथे प्रत्येक बादलीमागे आरओचं पाणी, विकतचं समुद्री मीठ, ते ढवळत बसणं, क्षारता लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास आली का ते बघणं. त्यापेक्षा नायट्रेट शेवाळाला खाऊ द्यावं, ते माजलं की कात्रीनं कापून काढावं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे टाकून देण्यासाठी वाढवतेस."

हो, तसंच.

खरं तर शेवाळाशी आमचं पिढीजात वैर. आजोळी, रत्नागिरीकडे, जुलै लागेपर्यंत अंगण, पाणंद आणि विहिरीकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या हिरव्यागार झालेल्या असायच्या. वाटेवर झावळ्या अंथरलेल्या. मामी पाऊस उघडला की खराटा घेऊन उकिडवी बसायची, घासघास घासायची आणि वर ब्लीचिंग पावडर मारायची. चार दिवसांनी पुन्हा हिरवं. "अंगठे रोवून चाल गं," हे वाक्य माझ्या नावापेक्षा जास्त वेळा कानावर पडलं असेल. तरी दर पावसाळ्यात एखादा शहरी पाहुणा आपटायचाच, आणि मामी काही न बोलता आंबेहळद उगाळायला घ्यायची. मी अजूनही मॉलच्या पुसलेल्या फरशीवर चपलेत अंगठे रोवून चालते.

आणि आता त्याच जातीला मी रात्रभर दिवा लावते. टाकीखालच्या कपाटात एक छोटी टाकी आहे, तिच्यात कीटोमॉर्फा. भांडी घासायची हिरवी नायलॉनची घासणी विस्कटून पाण्यात सोडावी, तसं ते दिसतं. ना मूळ, ना पान, नुसता तारांचा गुंता. वरचा दिवा मालवला की खालचा लागतो. अंधारात वरच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड वाढून पाणी आम्लतेकडे झुकायला लागतं, तेव्हा खाली हे महाशय तो पीत बसलेले असतात. कपाटाच्या फटीतून जांभळा उजेड बाहेर येतो. आमच्या वॉचमनने एकदा दबक्या आवाजात विचारलं होतं, "मॅडम, आत काय लावलंय?"

कापायच्या दिवशी गुंता पांढऱ्या ताटलीत झटकायचा. त्यातून तांदळाच्या दाण्याहून बारीक, पाठीत वाकलेले जीव टपटप पडतात आणि आडवे होऊन घसरत पळायला लागतात. ते सगळे चमच्याने परत पाण्यात. हे काम मला इतकं आवडतं की त्या वेळी दारावरची बेल वाजली तर मी घरात नसते.

कॉलर्पा ही समुद्री शेवाळाची दुसरी जात मात्र मी ठेवत नाही. दिसायला कीटोपेक्षा कितीतरी देखणी. वाळूवर धावती वेल, तिला वर पिसासारखी पाती. हातभर लांब पसरलेली ती वेल म्हणजे एकच पेशी, आत असंख्य केंद्रकं, मध्ये एकही भिंत नाही. एखाद्या रात्री तिच्या मनात येतं, आतला सगळा ऐवज बीजपेशी करून ती पाण्यात सोडते. सकाळी टाकीत हिरवट गढूळ पाणी आणि वेलीच्या जागी पारदर्शक साल. शिवाय तिचा लौकिक वाईट. कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा जेमतेम चौरस मीटरभराचा एक तुकडा १९८४ साली मोनॅकोच्या समुद्रशास्त्रीय संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसला. टाक्यांमधली शोभेची वेल. पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकिनाऱ्याने तिने हजारो हेक्टर तळ व्यापला. २००० साली तीच कॅलिफोर्नियात कार्ल्सबाडजवळच्या खाजणात सापडली. तिथल्या लोकांनी तळावर ताडपत्र्या अंथरल्या, कडा दाबल्या आणि आत क्लोरीन सोडला. ती पूर्ण गेली असं जाहीर करायला २००६ उजाडलं. मामीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग, मी काय वेगळं करते?"

काकूंचा पुढचा प्रश्न साहजिक होता. "हे खातात का गं?" कीटो आपल्याकडे कोणी खात नाही, पण तुमच्या दुधाच्या वड्यांमधलं चायना ग्रास लाल समुद्रशेवाळाचंच असतं, असं मी सांगितलं. काकूंनी कप खाली ठेवला. त्या वड्या त्या एकादशीला करतात.

"वनस्पतीच ना पण?"

शास्त्रज्ञ शेवाळाला धड वनस्पतीतही धरत नाहीत, हे मी गिळलं. "वनस्पतीच," म्हटलं.

कापलेलं शेवाळ मी मोरीत टाकत नाही. मोरीचं पाणी नाल्यात, नाला खाडीत. टाकीतला तुकडा कुठून आणलेला असतो कोणाला ठाऊक. बाल्कनीत वर्तमानपत्रावर कडकडीत वाळवते. खारट असल्यामुळे कुंड्यांनाही ते चालत नाही, म्हणून मग कचऱ्यात. वाळलेलं शेवाळ ओल्या कचऱ्यात की सुक्या, यावर सोसायटीच्या सेक्रेटरींचं आणि माझं एकमत झालेलं नाही. मी ओल्यात टाकते.