फोडणीचा धूर आणि सहाशे वर्षांची काजळी

परवा ठेच्यासाठी मिरच्या भाजत होते आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला. महिन्यात तिसऱ्यांदा. नवरा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, मी खोकत खोकत खिडक्या उघडतेय आणि बाहेर तीन डिग्री. दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंना अगदी गोडीत विचारलं, की स्वयंपाकघराच्या भिंतीला एक सहा इंची भोक पाडून एक्झॉस्ट फॅन बसवूया का, खर्च आमचा. बाईंनी चहा ओतला आणि म्हणाल्या, या वयात तुरुंगात जायची मला हौस नाही.

मला वाटलं गंमत करतायत.

आम्ही राहतो ते ससेक्समधलं जुनं फार्महाऊस, म्हणजे त्याचं एक टोक, बाकीच्या घरात बाई. ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं. मला आजवर वाटायचं की हे लिस्टेड प्रकरण दारावरच्या पितळी पाटीसारखं मिरवायचं असतं. तर १९९० चा कायदा आहे, त्यानुसार परवानगी न घेता अशा घराचं रूप बदलेल असं काही केलं की तो फौजदारी गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाला वर मर्यादाच नाही. रूप म्हणजे फक्त बाहेरचं नाही, आतला जिना, दारं, जमीन सगळंच. आधीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी काही उपद्व्याप केला असेल तरी काउन्सिल आत्ताच्या मालकाला ते पूर्ववत करायला लावू शकते. आणि आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभं असलेलं जे काही घराचाच भाग धरलं जातं त्यालाही हाच कायदा, म्हणजे परसातल्या डुकरांच्या खुराड्यालासुद्धा! डुकरं जाऊन जमाना झाला, त्यांच्या घराला संरक्षण आहे, माझ्या फुफ्फुसांना नाही. वर आणखी एक मज्जा ऐका, इथे नवीन घर बांधलं तर व्हॅट शून्य आणि हे असलं जुनं घर दुरुस्त करायला घेतलं तर वीस टक्के. जपायलाही लावायचं आणि जपल्याबद्दल दंडही घ्यायचा. अशा नोंदी अख्ख्या इंग्लंडात चार लाखांच्या आसपास आहेत आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त आमच्यासारख्या ग्रेड टू, म्हणजे काही राजवाडे नव्हेत.

मी फुरंगटलेली बघून बाई म्हणाल्या, एकदा सिंगलटनच्या जुन्या घरांच्या म्युझियममध्ये जाऊन बेलीफ बघून या, मग बोलू. (बेलीफ म्हणजे कोर्टाचा नव्हे, तमालपत्र. घराचं नाव आहे.) गेलो रविवारी.

हे घर मुळात केंटमधल्या चिडिंगस्टोनचं, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं, कुणा बऱ्या परिस्थितीतल्या शेतकऱ्याचं. बाऊ बीचच्या जलाशयात जाणार होतं म्हणून १९६८-६९ मध्ये एकेक लाकूड सुटं करून इथल्या म्युझियममध्ये आणलं आणि पुन्हा उभं केलं. धरणात जाणार म्हटल्यावर माझ्या पोटात कसंतरी झालं. कोयनेत मावशीच्या सासरचं अख्खं गाव गेलं, तिथल्या तुळया कोण मोजत बसलं होतं? पण तिथे आधी माणसं कुठे ठेवायची हाच प्रश्न होता, तेव्हा उगाच कुणी तुलना करायला जाऊ नये. आता मीच केली, ते सोडा.

आत गेलो आणि मी थेट आजोळी. भिंती चक्क कुडाच्या! लाकडी चौकटीत काठ्या विणायच्या आणि वर माती, गवत आणि शेण कालवून लिंपायचं, आपल्याकडे कारवी असते तसं इकडे हेझल, एवढाच फरक. खिडक्यांना काच नाही, उभे लाकडी गज आणि आतून झडपा. मधला हॉल थेट छतापर्यंत उघडा, दोन्ही टोकांना मात्र वर-खाली खोल्या, आणि त्या वरच्या खोल्या पुढे काढलेल्या असल्यामुळे बाहेरून मधला भाग आत दबल्यासारखा दिसतो, या घडणीला वील्डन म्हणतात. ओक ओला असतानाच कापायचे, कारण वाळल्यावर तो करवतीला दाद देत नाही. मग घर उभं राहिल्यावर लाकूड वाळत जातं आणि पिळवटतं, म्हणून ही घरं अशी वाकडीतिकडी. सांधे खाचा पाडून जुळवलेले, त्यात लाकडी खुंट्या, आणि कुठला तुकडा कुठे बसतो ते कळायला सुतारांनी खुणा कोरलेल्या.

आणि हॉलच्या मधोमध जमिनीवर शेकोटी. चिमणी नाहीच. धूर वर जायचा आणि कौलांच्या फटींतून वाट मिळेल तसा बाहेर. सोळाव्या शतकात बहुतेकांनी हॉलमध्ये पोटमाळा घातला, विटांची चिमणी बांधली, आणि जुने वासे वर अंधारात तसेच राहिले.

परत आल्यावर बाईंनी टॉर्च घेऊन आम्हाला माळ्यावर नेलं. आमच्या बेडरूमच्या बरोब्बर वर वासे काळेकुळकुळीत, हात लावला तर बोट काळं. ही काजळी पुसायची नाही, कारण इथे आधी उघडा हॉल होता याचा तोच पुरावा. म्हणजे पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी स्वयंपाकाचा धूर हा वारसा आणि माझ्या मिरच्यांचा धूर हा उपद्रव.

रात्री बाबांना फोन केला. आमचं चिपळूणजवळचं घर २०१४ मध्ये पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. माजघरावरचे वासे असेच काळे होते. बाबा म्हणाले, "अगं त्या माळ्यावर काय होतं, उंदीर नि विंचू. तुझी आजी फुंकणी फुंकून फुंकून डोळ्यांनी गेली, ते कोण जपणार?" खरंच आहे. दरवर्षी मे महिन्यात कौलं परतायला माणूस मिळत नव्हता, आणि आम्ही सगळे पुण्या-मुंबईला, मी तर इकडे. गणपतीत चार दिवस जाऊन 'काय सुंदर घर होतं' म्हणणाऱ्यांनी वर्षभर तिथे राहून दाखवावं. फणसाचे खांब जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पोत घालून घेऊन गेला तेव्हा त्याचा भाव मीच फोनवरून ठरवला होता, आणि चांगला मिळाला होता.

तरी बाईंना मी कार्ल्याच्या लेण्याबद्दल सांगितलंच. चैत्याच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या, अजून जागेवर. बाई म्हणाल्या, वा! मग विचारलं, तिथे लोक राहतात का? म्हटलं, नाही.

आता फॅनचं असं ठरलंय की भिंतीला हात न लावता पाइप जुन्या चिमणीतून वर काढायचा. त्यालाही परवानगी लागतेच. अर्जाला फी नाही, निकालाची मुदत आठ आठवडे, तोवर ठेचा मिक्सरमधला. काल बाई फॉर्म भरत होत्या, बदल कशासाठी हवा त्या रकान्यावर पेन थांबवून मला म्हणाल्या, तुमच्या त्या फोडणीला इंग्लिशमध्ये काय लिहू? दहा मिनिटं आम्ही दोघी डोकं खाजवत बसलो होतो.