उणे 40 गेलं! दोष नव्या सेन्सरच्याही पलीकडे निघाला

मंडळी, काल संध्याकाळी कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हा गाडीच्या क्लस्टरवर (स्टिअरिंगसमोरच्या डिस्प्लेवर) बाहेरचं तापमान 27 अंश होतं. आणि एसी लागला! आधी एसीच्या कंट्रोलरला बाहेर उणे 40 वाटत होतं, म्हणून तो कंप्रेसर चालूच करत नव्हता. ऑक्टोबरच्या उन्हात हे किती छळतं ते पुणेकरांना सांगायला नको.

मागच्या अपडेटमध्ये बाहेरचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची जागा सापडली होती: बंपरच्या खालच्या जाळीमागे, कंडेन्सरच्या (एसीच्या रेडिएटरच्या) पुढे, डावीकडे. बंपर उतरवू नका. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा, डाव्या चाकाच्या कमानीतलं लायनर (आतलं आच्छादन) पुढून सोडा, हात आरामात पोचतो. जुना सेन्सर मल्टिमीटरवर सरळ ओपन (म्हणजे आतून तुटलेला) आणि टोकाला तडा, म्हणजे तो मेलेलाच होता. नवा नाना पेठेतून घेतला. दुकानदाराने काउंटरवरच मीटर लावू दिला. अशा दुकानातूनच घ्या. घरी खोलीत 2.2 किलोओहम, बर्फाच्या पाण्यात 7 च्या आसपास. एकदम निरोगी. बसवला, इग्निशन ऑन केलं, आणि परत उणे 40.

इथे डोकं फिरलं. हा सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर, थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. सर्किट तुटलं की कंट्रोलरला अफाट रेझिस्टन्स दिसतो आणि तो स्केलचं तळाचं टोक, म्हणजे उणे 40, दाखवतो. म्हणजे सेन्सर चांगला असूनही कुठेतरी ओपन होतंच. सर्व्हिस सेंटरचा सल्ला: पुढचं अख्खं वायरिंग बदला. दोन तारांसाठी अख्खं वायरिंग? मला अजिबात पटलं नाही.

कनेक्टर काढून मोजलं. एका पिनवर बॉडीच्या तुलनेत 5 व्होल्ट व्यवस्थित. पण दोन्ही पिनांमध्ये मोजलं तर काहीच नाही. म्हणजे सिग्नल येतोय, परतीची तार गेली. खात्रीसाठी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला 2.2 किलोओहमचा रेझिस्टर सिग्नल पिन आणि बॉडी यांच्यात धरला, इग्निशन बंद-चालू केलं, आणि डिस्प्लेवर 25! काही रुपयांच्या रेझिस्टरने कंट्रोलर, क्लस्टर आणि सिग्नलची तार तिघांनाही निर्दोष सोडलं. या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच.

परतीसाठी बॉडीची अर्थ देऊन मोकळं होता आलं असतं, पण सेन्सरची परतीची तार कंट्रोलरकडेच जायला हवी. बॉडीच्या अर्थवर पंखा आणि दिव्यांचा करंट असतो, रीडिंग हलतं. म्हणून कंट्रोलरपर्यंत नवी तार ओढायचं ठरवलं. टेप सोलायला लागलो आणि डाव्या फॉग लॅम्पमागच्या वळणावर जुनी परतीची तार रबरासारखी ताणली गेली. इन्सुलेशन अखंड, आत तांब्याची हिरवी भुकटी. पावसाचं पाणी तिथे साचतं. वळणाच्या वर तांबं लख्ख होतं, मग नवी तार ओढण्याचा बेत तिथेच रद्द. खराब तुकडा कापला, नवा जोडला, वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). साधी हीट श्रिंक या जागी वापरू नका, पाणी आत शिरतंच. क्लिपही थोडी वर घेतली, म्हणजे वळण आता पाण्यात राहणार नाही.

एक सूचना: दुरुस्तीनंतर उभ्या गाडीत आकडा लगेच चढला नाही तर घाबरू नका. इंजिनच्या उष्णतेने फसू नये म्हणून बऱ्याच गाड्या वाढ हळूहळू दाखवतात. थोडं चालवून बघा.

आता अचूकता तपासायची. दुपारी शिवाजीनगरला, सिमला ऑफिसच्या (हवामान खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयाच्या) आसपास, खात्याच्या आकड्याशी ताडून बघणार होतो. पण त्यांचा थर्मामीटर सावलीतल्या लाकडी पेटीत, माझा सेन्सर तापलेल्या डांबरावर. तुलना जुळायचीच नाही. त्यापेक्षा पहाटे रस्ते थंड असताना जातो. आकडा दोन अंशांच्या आत आला तर या सेन्सरचा पार्ट नंबर इथे टाकतो.