उत्पन्नाच्या विम्याचा दावा : माझा अनुभव

मी दंततंत्रज्ञ आहे. दंतवैद्यांकडून आलेल्या साच्यांवरून कृत्रिम दात आणि कॅप घडवण्याचे काम करते. पायरीवरून घसरून उजव्या हातावर पडले तेव्हा मनगट सुजले, पण पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही आणि डॉक्टरांनी कागदावर ‘मनगट मुरगळले, विश्रांती’ एवढेच लिहिले. दुखणे थांबेना म्हणून बाराव्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्कॅफॉइड नावाचे लहानसे हाड मोडल्याचे निष्पन्न झाले. हे हाड मोडल्याचे सुरुवातीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, आणि त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ते जुळून यायलाही वेळ लागतो, असे डॉक्टरांनी समजावले. त्या १२ दिवसांचा माझ्या दाव्याशी किती संबंध येणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

आजारपणाने किंवा दुखापतीने काम थांबले तर दरमहा उत्पन्नाच्या ६० टक्के रक्कम देणारी पॉलिसी मी काही वर्षांपूर्वी घेतली होती. पूर्ण पगार का नाही, असे तेव्हाच विचारले होते. घरी बसून तेवढेच पैसे मिळाले तर माणूस कामावर परतायची घाई करत नाही, असे उत्तर मिळाले. हा विचार जुनाच आहे. जर्मनीत १८८३ साली झालेल्या आजारपण विम्याच्या कायद्यातही कामगाराला निम्म्या मजुरीच्या हिशेबानेच भत्ता मिळे, तोही १३ आठवड्यांपर्यंत. मला मात्र या विचारात कष्ट करणाऱ्या माणसावरचा अविश्वास दिसतो, कारण प्लास्टरमधला हात घेऊन बसलेल्या कोणालाही त्या बसण्याचे सुख वाटत नाही.

माझ्या पॉलिसीचा प्रतीक्षा कालावधी ६० दिवसांचा होता, म्हणजे काम थांबल्यापासून पहिल्या ६० दिवसांचे काहीही मिळणार नव्हते. हा कालावधी जितका लांब तितका हप्ता कमी, म्हणून मीच तो निवडला होता. शिवाय भरपाई महिना संपल्यावर मिळते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. त्यामुळे पहिली रक्कम हातात येण्यास ६० नव्हे तर निदान ९० दिवस लागणार होते, आणि माझी शिल्लक दोन महिन्यांपुरतीच होती.

दावा दाखल केल्यावर कंपनीने हे ६० दिवस हाड मोडल्याचे निदान झाले त्या तारखेपासून मोजले. पहिल्या तपासणीत ‘मुरगळले’ असे लिहिलेले असल्याने त्या १२ दिवसांत मी काम करण्यास असमर्थ होते याला पुरावा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी पॉलिसीतील कलम पुन्हा वाचले. त्यात निदानाचा उल्लेख नव्हता. दुखापतीमुळे काम थांबले आणि डॉक्टरांचे उपचार सुरू झाले, या दोनच अटी होत्या. पहिल्या दिवसाचा तपासणीचा कागद, मालकांकडून घेतलेला हजेरीचा उतारा आणि दोन्ही एक्स-रे एकाच दुखापतीचे असल्याचे अस्थिरोगतज्ज्ञांचे पत्र, असे तीन कागद जोडून लेखी हरकत घेतल्यावर ते १२ दिवस मान्य झाले. तो पहिला कागद मी जवळजवळ फेकून देणार होते.

याहून कठीण गेला तो अर्जातील ‘कामाचे स्वरूप’ हा दोन ओळींचा रकाना. डाव्या हाताने कशीबशी मी तिथे ‘दंततंत्रज्ञ, बैठे काम’ असे लिहिले, आणि बैठे काम हाताला प्लास्टर असताना का करता येत नाही, अशी विचारणा आली. विमेदाराला स्वतःचा व्यवसाय करता येत नाही की कोणतेच काम करता येत नाही, यावर अशा विम्यातील सगळा निर्णय ठरतो. माझ्या पॉलिसीत पहिले २४ महिने स्वतःच्या व्यवसायाची व्याख्या लागू होती, पण तो व्यवसाय प्रत्यक्षात काय आहे हे मी सांगितलेच नव्हते. मग दिवसाचा तासवार तपशील लिहून पाठवला : भिंगाखाली तापलेल्या हत्याराने मेण कोरण्यात चार तास, हातयंत्राने धातू आणि सिरॅमिक घासण्यात तीन तास, उरलेला वेळ साचे भरण्यात, आणि यातील प्रत्येक कामात उजवा अंगठा व मनगट यांवर किती जोर येतो, ते. तज्ज्ञांनीही त्याच तपशिलावर प्रत्येक कामापुढे ‘शक्य नाही’ असे लिहून सही केली. मोडलेल्या हाडाचे नाव सांगून जे समजले नव्हते, ते या एका पानाने समजले आणि दावा मंजूर झाला.

दरम्यान कामाच्या ठिकाणाहून ‘तूर्त राजीनामा द्या, बऱ्या झालात की पुन्हा घेऊ’ असे सुचवण्यात आले. माझ्या पॉलिसीला बेरोजगारीची जोड होती, पण ती कामावरून कमी केले तरच लागू होते. आपणहून दिलेल्या राजीनाम्यावर तीत काहीच मिळत नाही. मी नम्रपणे नकार दिला आणि तो लेखी दिला.

भरपाई सुरू असताना पॉलिसीचा हप्ता माफ होता, मात्र दर महिन्याला डॉक्टरांचे नवे प्रमाणपत्र द्यावे लागे. चौथ्या महिन्यात मी रोज चार तास काम सुरू केले. भरपाई बंद होईल या भीतीने परतणे लांबवण्याचा विचार मनात आला होता, परंतु विचारल्यावर कळले की कमी झालेल्या उत्पन्नाच्या प्रमाणात अंशतः भरपाई मिळत राहते. पहिल्या आठवड्यात एक दाढ कोरायला मला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला. सहाव्या महिन्यात पूर्ण वेळ कामावर आले, त्या तारखेचे पत्र कंपनीला पाठवले आणि पुढच्या महिन्यापासून हप्ता पुन्हा सुरू झाला.