पासबुक आणि बांगडे
आज आईला घेऊन डिचोलीला बँकेत गेलो, पासबुक भरून घ्यायला. दयानंद सामाजिक सुरक्षेचे (गोवा सरकारची ज्येष्ठांसाठीची मासिक मदत) २००० जमा झालेले दिसले आणि तिचा हिशोब तिथेच सुरू: गॅस, बीपीच्या गोळ्या, उरले तर बांगडे. (यादीत बांगडे शेवटी असतात, पिशवीत मात्र आधी येतात!)

मागे रांगेत एक काका. त्यांचे ट्रक खाणीवर चालायचे. म्हणाले, "२०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा माझी आणि सरकारची मिळकत एकदमच आटली." तरी सरकारला कर्ज मिळतं, तेही मापातच, राज्याच्या सकल उत्पादनाच्या (म्हणजे राज्यात वर्षभरात जे काही पिकतं, बनतं, त्या सगळ्याच्या किमतीच्या) साधारण ३ टक्के तूट, एवढीच मुभा. काकांचं माप केव्हाच ओलांडलेलं.

येताना आईने बांगडे घेतलेच. गोळ्या पंधराच दिवसांच्या.