हात थरथरला तर?

"सिस्टर, ऑपरेशन करताना डॉक्टरांचा हात थरथरला तर?"

मी मेंदूच्या शस्त्रक्रियांची स्क्रब नर्स आहे आणि पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांच्या मेंदूत करंट देणारी तार बसवतात, म्हणजे डीबीएस करतात, तेव्हा ट्रॉलीशी मी उभी असते, हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. एकदा तर खुद्द रुग्णानंच विचारला. त्याचे स्वतःचे दोन्ही हात तेव्हा थडथडत होते. त्या घाईत "नाही हो काका" एवढंच म्हणता आलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर सांगते.

हात थरथरला तरी बिघडत नाही, कारण मेंदूत जाताना तार कुणाच्या हातात नसतेच. ती फ्रेमच्या ताब्यात असते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, जागा बधिर करून, कवटीला चार ठिकाणी टोकदार स्क्रूंनी धातूची चौकट बसवतात. डोकं आणि चौकट एकजीव होतात, म्हणून डोक्यातल्या कुठल्याही बिंदूला तीन आकडे देता येतात: आडवा, पुढचा-मागचा, वरचा-खालचा. ही युक्ती प्राण्यांसाठी हॉर्सली आणि क्लार्क यांनी 1908 मध्ये मांडली. माणसांवर ती वापरली स्पीगल आणि वायसिस यांनी, 1947 मध्ये. पण मला आवडतो तो स्वीडिश मेंदू-सर्जन लेक्सेल यांचा 1949 चा हिशेब. चौकटीवर त्यांनी एक कमान चढवली. गाडीच्या चाकाचे आरे कुठूनही निघाले तरी तुंब्यालाच मिळतात ना, तसं. कमानीचा मध्य नेमका लक्ष्यावर आणून ठेवायचा. मग सुई कमानीवरच्या कुठल्याही जागेवरून, कुठल्याही कोनातून सोडा, 190 मिलिमीटर आत गेली की ती त्याच बिंदूवर पोचते. त्यामुळे रक्तवाहिन्या टाळून वाट निवडायची मोकळीक मिळते. या ऑपरेशनात खरी धास्ती असते ती रक्तस्रावाची, थरथरीची नव्हे.

म्हणजे चूक होऊच शकत नाही का? होऊ शकते, आकड्यांत. आमचं लक्ष्य बहुतेकदा सबथॅलॅमिक न्यूक्लियस असतं. हालचालींशी संबंधित पेशींचा काही मिलिमीटरचा ठिपका, मेंदूच्या मध्यरेषेपासून साधारण 12 मिलिमीटर बाजूला. लेक्सेलच्या फ्रेममध्ये मध्यरेषा 100 वर धरली तर एका बाजूचं लक्ष्य 88 च्या आसपास येतं आणि दुसऱ्या बाजूचं 112 च्या. एक बाजू आटोपली की कमान दुसऱ्या बाजूसाठी नव्यानं लावायची असते. म्हणून आमच्याकडे आकडा एकानं वाचायचा, दुसऱ्यानं फ्रेमवर लावायचा आणि तिसऱ्यानं कागद न बघता फ्रेमवरचा परत वाचून दाखवायचा. तोही एकेक अंक सुटा. मराठीत 'एकोणऐंशी' आणि 'एकोणनव्वद' मास्कच्या आडून कसं ऐकू येतं ते एकदा ऐकून बघा, म्हणजे हा हट्ट का ते कळेल.

कवटीला भोक पाडायच्या ड्रिलची सगळ्यांना भीती वाटते. खरं तर ट्रॉलीवरचं ते सगळ्यात समंजस हत्यार. हाड संपून पुढचा विरोध गेला की त्याचा क्लच सुटतो आणि पातं आपोआप थांबतं. भोक असतं 14 मिलिमीटरच्या आसपास. रुग्ण जागा असेल तर त्याला दुखत नाही, पण आवाज मात्र कवटीभर घुमतो, हे आधी सांगून ठेवावं लागतं. मेंदूचं आवरण उघडून सुईसाठीच्या नळ्या आत सरकल्या की भोक लगेच फायब्रिन ग्लूनं, म्हणजे वैद्यकीय डिंकानं, बुजवतात. मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं आणि हवा आत शिरली तर मेंदू जरासा खाली बसतो, आणि मग सकाळी स्कॅनवर काढलेले सगळे आकडे शिळे होतात.

त्यानंतरचा भाग ऐकण्याचा. कमानीवर मायक्रोड्राइव्ह नावाचं छोटं यंत्र असतं; ते केसासारख्या बारीक टोकाची सुई अर्धा अर्धा मिलिमीटर पुढे सरकवतं. शेजारी शेजारी पाच वाटा असतात, मधली एक आणि दोन-दोन मिलिमीटरवर चहूबाजूंना चार. लक्ष्याच्या साधारण 10 मिलिमीटर अलीकडून ऐकायला सुरुवात होते. पेशींचे विद्युत्-संदेश स्पीकरवर आवाज होऊन येतात. त्यात विजेच्या तारांची घुंई मिसळू नये म्हणून टेबलाचा प्लगसुद्धा काढून ठेवतो. आधी तुरळक टकटक, मग बराच वेळ जवळजवळ शांतता, आणि मग एकाएकी तापल्या कढईत लाह्या फुटाव्यात तसा कल्लोळ. न्यूक्लियस लागला. तो कल्लोळ थांबला की सुई खालून बाहेर पडली. किती मिलिमीटर कल्लोळ टिकला, त्यावरून वाट बरी की वाईट ते ठरतं.

मग थोडा करंट देऊन बघतात. रुग्णाच्या गोळ्या आदल्या रात्रीपासून बंद असतात, म्हणून तो आखडलेला असतो. बिचाऱ्याचे हाल होतात, पण लक्षणं दिसल्याशिवाय ती गेलेली कळणार कशी? बोटं उघडा-मिटा, बोला, आकडे मोजा. चेहरा एका बाजूला ओढला गेला तर तार बाहेरच्या अंगाला जास्त गेलेली. मुंग्या आल्या आणि थांबेनात तर मागच्या अंगाला. हल्ली काही ठिकाणी पूर्ण भूल देऊन, स्कॅनच्या भरवशावर हे ऑपरेशन करतात, फ्रेमऐवजी रोबोचा हातही असतो. त्यात रुग्णाचा त्रास वाचतो, हे मी मान्य करते. पण त्या लाह्यांची मला सवय झालीय.

आता येतो तो क्षण, ज्याबद्दल मला कुणी कधीच विचारत नाही. कायमची तार 1.27 मिलिमीटर जाडीची, टोकाशी प्लॅटिनम-इरिडियमची चार कडी. नव्या तारांमध्ये यांतली काही कडी तीन-तीन तुकड्यांत विभागलेली असतात, करंट हव्या त्या बाजूला वळवता यावा म्हणून. तार शेवयीसारखी लवचीक, म्हणून आत टंगस्टनची काडी घालून ताठ केलेली. तार जागेवर पोचली, छान. पण आता ती काडी काढायची, बाहेरची नळी काढायची, आणि भोकावरच्या प्लॅस्टिकच्या कड्यात तार अडकवायची. यातलं प्रत्येक काम तारेला किंचित वर ओढू बघतं. दोन मिलिमीटर वर सरकली की सकाळपासूनची मेहनत पाण्यात. फ्रेमचा अधिकार इथे संपतो आणि माणसाच्या बोटांचा सुरू होतो, म्हणून आधी आणि नंतर एक्स-रे घेऊन दोन्ही चित्रं शेजारी धरतात. एकदा दुसऱ्या चित्रात टोक वर दिसलं. कुणी काही बोललं नाही. कड्यातून तार सोडवली, नळी पुन्हा लावली, सगळं पहिल्यापासून. पाऊण तास गेला.

तेव्हा तुमच्या प्रश्नात दुरुस्ती करायची तर अशी: हात थरथरला तर नव्हे, हाताला घाई झाली तर?

माझा वाटा इथेच सगळ्यात मोठा, आणि दिसायला सगळ्यात क्षुल्लक. तार पकडायचा चिमटा दातेरी चालत नाही. वरच्या आवरणाला चरा गेला तर आज काही दिसणार नाही, पण पुढे तिथूनच करंट गळू शकतो. म्हणून साध्या चिमट्यांच्या टोकांना मी आदल्या तासात रबराच्या बारीक नळ्या चढवते. दोन चिमटे, चार तुकडे. तार कड्यात बसली, कानामागून कातडीखाली गेली, छातीवरच्या बॅटरीला जोडायची वेळ आली, तरी माझं लक्ष त्या चार तुकड्यांवर असतं. टाके घालण्याआधी ते मी मोठ्यानं मोजते. तीनच भरले तर मोठे सर्जनसुद्धा हातातली सुई खाली ठेवतात आणि सगळे शोधायला लागतात.