गोधड्याचा घास किती मोठा असावा

दर दुसऱ्या रविवारी सकाळी मी गोधड्याला झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि फक्त सापांसाठी वेगळ्या ठेवलेल्या डिजिटल काट्यावर त्याचे वजन करून वहीत ग्रॅममध्ये लिहून ठेवतो. गोधड्या हा माझा आठ वर्षांचा नर बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या या अजगराच्या अंगावर काळ्या-तपकिरी तुकड्यांची अशी काही जोडणी असते की त्याला घरी आणले त्याच दिवशी आजीच्या हातची गोधडी आठवली आणि नाव ठरून गेले. त्याच्या शेजारच्या पेटीत शेंदरी राहते. ती चार वर्षांची कॉर्न स्नेक आहे आणि तिची जात अमेरिकेच्या आग्नेय भागातली. दोघांचाही जन्म बंदिवासातलाच आहे. आम्ही ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहतो, म्हणून हे शक्य आहे. भारतातल्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की धामण, नाग, अजगर असे आपले देशी साप १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी ठेवता येत नाहीत आणि बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातींचीही सरकारकडे रीतसर नोंदणी करावी लागते.

सापाला एका वेळी किती मोठा उंदीर द्यावा, एक द्यावा की दोन, आणि पुन्हा कधी द्यावा, असे प्रश्न मला नव्याने साप पाळणारे मराठी मित्र वारंवार विचारतात. बहुतेकांना एकच आकडा हवा असतो. मला मात्र आठ वर्षांनंतर असे वाटते की हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्यामुळेच माझ्या हातून चुका झाल्या. भक्ष्याची जाडी हा घशाचा आणि जठराचा प्रश्न आहे, भक्ष्याचे वजन हा पचनाचा प्रश्न आहे, आणि दोन जेवणांमधले अंतर हा सापाच्या संपूर्ण आयुष्याचा प्रश्न आहे.

जाडीचा नियम सर्वांना ठाऊक असतो: सापाच्या धडाचा सर्वांत जाड भाग जेवढा रुंद, साधारण तेवढ्याच रुंदीचे भक्ष्य निवडावे. डोक्याचा आकार पाहून निवडू नये, कारण सापाच्या खालच्या जबड्याच्या दोन फांद्या पुढे हाडाने जोडलेल्या नसून लवचिक बंधाने जोडलेल्या असतात आणि त्यामुळे डोक्यापेक्षा कितीतरी मोठा घास तो सहज आत ओढतो. साप जबडा निखळवून गिळतो ही समजूत चुकीची आहे, तिथे निखळत काहीच नाही. काही जण धडाच्या दीडपट जाडीपर्यंत जातात आणि निरोगी साप तेवढेही गिळतो, पण गिळता येणे आणि निवांत पचवता येणे यांत अंतर आहे. मी दीडपटीच्या वाटेला कधी जात नाही.

वजनाचा नियम मला अधिक विश्वासाचा वाटतो. वाढत्या वयाच्या बॉल पायथनला त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजनाचे भक्ष्य द्यावे आणि पूर्ण वाढ झाल्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आणावे. गोधड्या घरी आला तेव्हा ११० ग्रॅमचा होता, म्हणजे त्याला अकरा ते सोळा ग्रॅमचा घास दर आठवड्याला पुरेसा होता. पाचशे ग्रॅमचा झाल्यावर पन्नास ग्रॅमचा उंदीर दहा-बारा दिवसांनी, असे मी करत गेलो. इथे भाषेची एक अडचण येते. आपण ‘उंदीर’ म्हणतो त्यात इथल्या दुकानातले माऊस आणि रॅट हे दोन्ही प्राणी येतात, पण पूर्ण वाढलेला माऊस वीस ते तीस ग्रॅमचा असतो आणि मध्यम आकाराचा रॅट शंभर ग्रॅमच्या पुढे जातो. त्यामुळे ‘एक उंदीर दिला’ या वाक्यातून काहीच कळत नाही. पाकिटावरचे ‘स्मॉल’ आणि ‘मीडियम’ हे शब्दही प्रत्येक विक्रेत्यागणिक बदलतात, म्हणून मी प्रत्येक गोठवलेला उंदीर स्वतः तोलतो आणि पिशवीवर वजन लिहूनच तो फ्रीझरमध्ये ठेवतो.

टक्क्यांचा हा हिशेब अगदी लहान पिल्लांना लागू पडत नाही, हे मला शेंदरीमुळे कळले. कॉर्न स्नेकचे नुकतेच अंड्यातून आलेले पिल्लू सहा-आठ ग्रॅमचे असते आणि बाजारात मिळणारे सर्वांत लहान भक्ष्य म्हणजे पिंकी, अर्थात अंगावर केस न आलेले, डोळे मिटलेले माऊसचे पिल्लू, दीड-दोन ग्रॅमचे. म्हणजे पहिल्याच घासाला प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांवर जाते. तरीही ते चालते, कारण पिंकी मऊ असते, तिच्यात पाण्याचा अंश भरपूर असतो आणि हाडे अजून धरलेली नसतात. पुढे साप पंधरा-वीस ग्रॅमचा झाला की एक पिंकी अपुरी पडू लागते, पण केसांची लव फुटलेली फझी अजून जड वाटते. अशा मधल्या काळात एकाऐवजी दोन पिंक्या देणे हा सरळ उपाय आहे. घशाला त्रास होत नाही आणि एकूण वजनही भरून निघते. मात्र ही सोय कायमची करू नये. कोवळ्या पिल्लांची हाडे कॅल्शियमने पुरेशी भरलेली नसतात, त्यामुळे मोठ्या सापाला डझनभर पिंक्या दिल्या तरी त्या एका वाढलेल्या उंदराची बरोबरी करत नाहीत. शिवाय बॉल पायथन बऱ्याचदा पहिला उंदीर घेतो आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वितळवून कोमट केलेला तो दुसरा उंदीर परत गोठवता येत नाही, टाकूनच द्यावा लागतो. म्हणून योग्य वजनाचा एकच घास मिळत असेल तर मी एकच देतो.

शेंदरी अठ्ठेचाळीस ग्रॅमची असताना माझ्याकडच्या फझी संपल्या होत्या. पाच-सहा ग्रॅमचा घास हवा होता आणि फ्रीझरमध्ये बारा ग्रॅमचा हॉपर, म्हणजे फझीहून मोठे, उड्या मारू लागलेले माऊसचे पिल्लू होते. तिने तो झडप घालून घेतला, पाच मिनिटांत गिळलाही, आणि मला समाधान वाटले. तिसऱ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा तो हॉपर अर्धवट पचलेल्या स्थितीत कोपऱ्यात पडला होता आणि त्याचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. दुप्पट मोठा घास हे एक कारण होतेच, पण तपासल्यावर असे आढळले की पेटीखालची उष्णतेची चटई बिघडली होती आणि उबदार बाजूचे तापमान तेवीस अंशांवर आले होते. सापाचे पचन बाहेरच्या उबेवर चालते. ऊब नसेल तर आतले भक्ष्य पचण्याआधी कुजू लागते आणि साप ते बाहेर टाकतो. त्यामुळे घासाचा आकार ठरवताना पेटीतले तापमान हा त्याच हिशेबाचा भाग मानावा लागतो. कॉर्न स्नेकला उबदार बाजू तीस अंशांच्या आसपास आणि बॉल पायथनला एकतीस ते तेहेतीस अंश मिळत नसेल, तर वजनाच्या टक्क्यांचा कोणताही आकडा उपयोगाचा नाही. उलटी काढलेल्या सापाला लगेच पुन्हा खायला घालणे ही सर्वांत घातक दया आहे, कारण जठरातल्या आम्लाने अन्ननलिका दुखावलेली असते आणि शरीरातले पाणीही कमी झालेले असते. मी शेंदरीला बारा दिवस फक्त ताजे पाणी दिले, नंतर एक पिंकी, आठवड्याने पुन्हा एक पिंकी, आणि मग फझी. ती सावरली.

गोधड्याच्या बाबतीतली चूक मात्र इतकी लवकर दिसली नाही. तो हजार ग्रॅमच्या पुढे गेला तरी मी दहा टक्क्यांचाच नियम चालवत राहिलो. चौदाशे ग्रॅमचा असताना मी त्याला दीडशे ग्रॅमचा रॅट दर दहा दिवसांनी देत होतो, म्हणजे महिन्याला साडेचारशे ग्रॅम, त्याच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तो प्रत्येक वेळी आनंदाने घेत असे आणि मी त्याला त्याची भूक समजत होतो. आपल्याकडे पंगतीत आग्रह करून वाढण्याची रीत आहे. पान रिकामे दिसले की वाढणाऱ्याचा हात थांबत नाही, आणि माझा हातही थांबला नाही. साताऱ्याहून आई फोनवर विचारत असे, ‘उपाशी तर ठेवत नाहीस ना रे त्याला?’ आणि मी अभिमानाने नवे वजन सांगत असे. पण दबा धरून बसणाऱ्या प्राण्याला पुढचे भक्ष्य कधी मिळेल याची खात्री नसते, म्हणून मिळेल ते घेणे हा त्याचा स्वभावच आहे. त्याने झडप घातली म्हणजे त्याला गरज होती, असे मुळीच नाही.

तो १,७८० ग्रॅमवर पोहोचला तेव्हा पशुवैद्य बाईंनी त्याच्या कुशीवरून हात फिरवत मला दाखवले की त्याचे धड आडव्या छेदात गोलाकार त्रिकोणी असण्याऐवजी सरळ नळीसारखे झाले आहे, वळताना त्वचेला घड्या पडतात आणि खवल्यांमधली कातडी ताणून दिसते. सापाची चरबी आपल्यासारखी कातडीखाली सुटत नाही. ती मुख्यतः पोटातल्या चरबीच्या लांब पट्ट्यांत साठते आणि पुढे यकृतावर चढते, म्हणून बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अजगराचे शरीर एका जेवणासाठी काय करते हे वाचल्यावर मला माझी चूक अधिक लागली. स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९८ मध्ये बर्मी अजगरावर लिहिलेल्या शोधनिबंधात दाखवले आहे की मोठ्या जेवणानंतर त्याचा चयापचय कित्येक पटींनी वाढतो, आतड्याचे वस्तुमान वाढते, हृदय आणि यकृतही वाढतात, आणि पचन संपल्यावर हे सारे पुन्हा पूर्ववत होते. हे शरीर जेवण आणि मोठी विश्रांती अशा चक्रासाठी घडलेले आहे, आणि मी त्याची विश्रांतीच काढून घेतली होती.

मी त्याला एकदम उपाशी ठेवले नाही. आधी रॅट शंभर ग्रॅमवर आणला, मग ऐंशीवर, आणि अंतर दहा दिवसांवरून पंधरा व पुढे पंचवीस दिवसांवर नेले. जवळजवळ दोन वर्षांत तो १,४८० ग्रॅमवर आला. आता पंचाहत्तर ग्रॅमचा एक रॅट, पंचवीस दिवसांनी. महिन्याला सुमारे नव्वद ग्रॅम, पूर्वीच्या पाचव्या हिश्श्याइतका. साडेचारशे आणि नव्वद हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हा लक्षात आले की घासाचा आकार निम्मा करून मी जेवढे साधले, त्याहून अधिक अंतर वाढवून साधले. नव्याने साप पाळणाऱ्यांनी घासाबरोबर महिन्याची बेरीजही काढावी, असे मी आग्रहाने सांगतो.

सध्या गोधड्या खात नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून त्याने तीन वेळा उंदीर नाकारला आहे. थंडीच्या दिवसांत वयात आलेले नर बॉल पायथन असे अनेक आठवडे उपाशी राहतात आणि पूर्वी मी अशा वेळी घाबरून लहान, मोठे, पांढरे, काळे असे हरतऱ्हेचे उंदीर त्याच्यापुढे धरत असे. कालचे वजन १,४४६ ग्रॅम भरले. चौतीस ग्रॅमची घट म्हणजे अडीच टक्क्यांहून कमी. दहा टक्क्यांजवळ गेले तर पशुवैद्यांकडे न्यायचे, तोवर पाणी, ऊब आणि एकांत. येत्या शुक्रवारी रात्री एक पंचाहत्तर ग्रॅमचा रॅट फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये वितळायला ठेवीन, शनिवारी कोमट पाण्यात त्याचे डोके गरम करून लांब चिमट्याने पुढे धरीन, आणि त्याने तोंड फिरवले तर पेटी बंद करून दिवा मालवीन.