चुंबळीवरचा बॉल

उसण कशाने भरली असं कुणी विचारलं की मला लाज वाटते. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीने. सकाळी सहाला दार उघडलं, वाकले, पिशवीला हात घातला आणि कमरेत अशी चमक गेली की उंबऱ्यावरच बसले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आधी दूध आत घेतलं, मग मला. त्यांचंही बरोबरच होतं, उन्हाळ्याचे दिवस.

त्याआधीचा आठवडाभर मी दिवाणावर मांडी घालून दहावीचे पेपर तपासत होते. तेव्हा कंबरेने चकार शब्द काढला नाही. फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर उलगडा झाला. रात्रभर आडवं पडलं की मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास खाली वाकणं म्हणूनच त्यांना जास्त जड जातं. पेपरांनी कंबर आधीच अवघडवून ठेवली होती, पिशवी नुसतं निमित्त झाली.

हा फिजिओथेरपिस्ट माझाच विद्यार्थी, दहावी ब. प्रमेय आलं नाही म्हणून मी त्याला एकदा अख्खा तास उभं केलं होतं म्हणे. त्याच्या लक्षात आहे, माझ्या नाही. त्याने मला टाचांवर चालायला लावलं. मग एकेक प्रश्न: पायात मुंग्या येतात का, पाय लुळा पडल्यासारखा वाटतो का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, लघवीवर ताबा आहे ना? यातलं काही असतं तर व्यायाम-बियायाम बाजूला ठेवून तडक डॉक्टरकडे पाठवलं असतं, म्हणाला. माझं तसलं काही नव्हतं. दोन आठवड्यांनी नीट चालता यायला लागल्यावर म्हणाला, "बाई, आता व्यायामाचा बॉल आणा, हवा भरून वर बसायचा असतो तो मोठा. पंचावन्न सेंटिमीटर व्यासाचा."

मी पासष्टचा आणला, कारण दुकानात तोच होता. माझी उंची पाच फूट एक इंच. बसले तर टाचा जमिनीला टेकेनात. पाऊल पुरतं टेकून मांड्या जमिनीला समांतर आल्या पाहिजेत, नाहीतर गुडघ्यांपेक्षा कंबर किंचित वर, इतकंच बघायचं असतं. बदलून आणला. नव्या बॉलमध्ये पहिल्या दिवशी पूर्ण हवा भरायची नाही, रात्रभर ताणून बसू द्यायचा आणि उरलेली दुसऱ्या दिवशी भरायची. आता 55 सेंटिमीटर भरले हे ओळखायचं कसं? गोल वस्तूच्या पोटातून पट्टी घालता येत नाही. परीघ मोजला की झालं: 55 गुणिले पाय (π), म्हणजे जवळजवळ 173. शिवणाची टेप 150 वरच संपते, म्हणून सुतळी घेतली, 173 वर गाठ मारली आणि गाठीला टोक भिडेपर्यंत पंप मारला. इतकी वर्षं पोरं विचारायची, बाई, याचा उपयोग काय? घ्या, हा उपयोग.

बॉल गडगडत घरभर फिरायचा. आईंनी जुन्या नऊवारीची चुंबळ वळून दिली, तिच्यावर तो घागरीसारखा बसला. त्यांच्या लेखी तो भोपळाच. या बॉलला स्विस म्हणतात, पण तो केला इटलीत, 1963 साली, अक्विलिनो कोसानी नावाच्या प्लास्टिकवाल्याने. पुढे स्वित्झर्लंडमध्ये तान्ह्या मुलांच्या उपचारांसाठी तो वापरायला लागले. हे ऐकल्यावर आईंचं मत जरा बरं झालं.

बॉलवरचे व्यायाम कोअरसाठी, म्हणजे धडाला आधार देणाऱ्या स्नायूंसाठी. मला वाटलं होतं, कोअर म्हणजे पोट, आणि व्यायाम म्हणजे शाळेत पीटीला घ्यायचो तशा पाठीवर निजून उठाबशा. माझ्या फिजिओथेरपिस्टने त्या पहिल्याच दिवशी बंद केल्या. "बाई, कोअर हा डबा आहे. पुढे पोट, मागे पाठ, बाजूला कुशी, वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ. डबा चेपू द्यायचा नाही, एवढंच काम." पोट आत ओढायचंही नाही. कोणी गुद्दा मारणार आहे असं समजून घट्ट करायचं आणि श्वास मात्र चालू ठेवायचा. पहिले आठ-दहा दिवस मला दोन्ही एकदम जमलंच नाही. पोट घट्ट केलं की श्वास बंद.

बॉल हलायला बघतो, आपण हलायचं नाही. भिंतीजवळ बसून एक टाच जेमतेम इंचभर उचलायची. उताणं पडून पोटऱ्या बॉलवर ठेवायच्या आणि कंबर उचलायची. बॉलवर पोट टेकून एक हात समोर आणि विरुद्ध पाय मागे लांब करायचा, दहा आकडे मोजायचे. बघणाऱ्याला वाटेल, ही काहीच करत नाहीये. मला घाम फुटायचा.

चौथ्या महिन्यात गुडघे जमिनीवर, कोपर बॉलवर आणि कोपरांनी छोटी वर्तुळं काढायची. याचं इंग्रजी नाव चक्क भांडं ढवळणं असं आहे. मी ताक घुसळावं तशी सुरू झाले. "बाई, पिठलं ढवळताय असं समजा. हळू." हे त्याला बरं माहीत!

एकदा आपटलेही. लादी नुकतीच पुसलेली, पायात मोजे, आणि मी फोनवर. बॉल मागे सटकला आणि माकडहाड फरशीवर. तेव्हापासून अनवाणी, खाली सतरंजी आणि मागे भिंत.

बॉलवर बसून पेपर तपासायचा प्रयोगही केला. वीस मिनिटं ताठ, पुढे पाठीची कमान. खुर्चीऐवजी बॉल वापरल्याने स्नायूंना फारसं जास्तीचं काम पडत नाही, हे अभ्यासातही दिसलंय म्हणे. खुर्चीच बरी, दर अर्ध्या तासाला उठायचं.

दुधाची पिशवी आता मी चौकटीला धरून, एक पाय मागे उचलून घेते. समोरच्या वहिनींना वाटतं, मी दारात योगासनं करते.

काल सुतळी लावून बघितली. टोक गाठीच्या चार बोटं पुढे जातंय, म्हणजे हवा उतरलीय. पंप सापडत नाहीये. बहुतेक लेकीने सायकलबरोबर पुण्याला नेलाय.